जीवाणूचे जनुक आणि अन्नाची निर्धोकता : जालन्याच्या वांग्याचा इतिहास

१

एखादे अन्न खाण्यास निर्धोक आहे किंवा नाही, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ प्रयोगशाळेचा वाटतो. पदार्थ घ्यावा, त्याचे पृथक्करण करावे, प्राण्यांना तो खाऊ घालून परिणाम पाहावा, आणि उत्तर द्यावे. प्रत्यक्ष निर्णयाची वेळ येते तेव्हा मात्र या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा एक प्रश्न उभा राहतो. परीक्षण कोणी केले, कोणाच्या खर्चाने केले, आणि त्याच्या नोंदी कोणास पाहावयास मिळाल्या? जालना जिल्ह्यात एका जीवाणूचे जनुक वांग्याच्या रोपात उतरविण्यात आले. त्या वांग्याच्या इतिहासात हे दोन्ही प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की, त्यांपैकी एकाचा विचार दुसऱ्यास वगळून करताच येत नाही. हा इतिहास क्रमाने मांडावा, आणि जीवाणूंच्या जनुकसंचाचा अभ्यास करणाऱ्या विद्यापीठीय संशोधकास त्यापासून काय घेण्यासारखे आहे ते पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रारंभ जीवाणूपासून केला पाहिजे. १९०१ मध्ये जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना रेशीमकिड्यांच्या एका घातक रोगाच्या मुळाशी बीजाणू निर्माण करणारा एक जीवाणू आढळला. पुढे जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांनी पिठातील पतंगाच्या मेलेल्या अळ्यांतून तसाच जीवाणू वेगळा केला, आणि थुरिंगिया या प्रांतावरून १९१५ मध्ये त्यास 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' हे नाव दिले. 'बीटी' हे त्याचेच संक्षिप्त रूप होय. १९३८ पासून फ्रान्समध्ये या जीवाणूची भुकटी कीटकनाशक म्हणून विकली जाऊ लागली. बीजाणू तयार होत असता त्याच्या पेशीत प्रथिनाचा एक स्फटिक साठतो. अळीने तो गिळला म्हणजे तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात तो विरघळतो, विकरांच्या क्रियेने कार्यक्षम होतो, आतड्याच्या अस्तरावरील विशिष्ट ग्राहींना चिकटतो आणि तेथे छिद्रे पाडतो. मनुष्याच्या जठरातील रस आम्लधर्मी असतो व तसे ग्राही मनुष्याच्या आतड्यात आढळलेले नाहीत. या प्रथिनाच्या निर्धोकतेविषयीचा मुख्य शास्त्रीय युक्तिवाद तो हाच. १९८१ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात अर्नेस्ट श्नेफ आणि हेलन व्हाइटली यांनी अशा प्रथिनाचे जनुक प्रथम वेगळे केले. वनस्पतीत ते बसविण्याची वाट तेथून मोकळी झाली.

या ठिकाणी जीवाणूंच्या जनुकसंचशास्त्राचा अन्नसुरक्षेशी फार निकटचा संबंध येतो. शिळ्या भातातून उलट्या व जुलाब घडविणारा 'बॅसिलस सीरियस' आणि 'काळपुळी' या रोगाचा जीवाणू 'बॅसिलस अँथ्रॅसिस' हे बीटीचे सख्खे भाऊबंद आहेत. या दोघांचे संपूर्ण जनुकसंच २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांतील साम्य किती खोल आहे ते दिसून आले. हे तिन्ही वस्तुतः एकाच जातीचे मानावेत, असे प्रतिपादन त्यापूर्वीच, २००० मध्ये, झालेले होते. स्फटिक-प्रथिनाची जनुके बहुधा मूळ गुणसूत्रावर नसून प्लास्मिड नामक लहान वर्तुळांवर असतात. ती वर्तुळे गळून पडली म्हणजे बीटी आणि सीरियस यांत भेद करणे कठीण होते. आतड्यास बाधा करणाऱ्या काही विषांची जनुके बीटीच्या अनेक प्रकारांतही सापडतात.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. भाजीवर फवारलेला संपूर्ण जीवाणू आणि वनस्पतीत बसविलेले त्याचे एकटे जनुक, यांचा धोका निरनिराळा मोजला पाहिजे, ही पहिली. 'बीटी शेकडो वर्षे मातीत आहे, म्हणून निर्धोक आहे' हे विधान आणि 'बीटी विषारी जीवाणूंचा भाऊबंद आहे, म्हणून त्याचे जनुक विषारी आहे' हे विधान, दोन्ही सारखीच सैल आहेत, ही दुसरी. पुढे झालेल्या वादात ही दोन्ही विधाने पुष्कळ वेळा ऐकू आली.

३

आता जालन्याकडे वळू. हिंगोलीस १९३१ मध्ये जन्मलेले श्री. बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात बियाण्यांचा व्यवसाय उभारला आणि १९६४ मध्ये 'महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी' म्हणजेच 'महिको' स्थापन केली. सरकारी यंत्रणेबाहेर संकर बियाण्यांचे संशोधन करणाऱ्या आरंभीच्या भारतीय संस्थांपैकी ती एक होय. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेतील मोन्सॅन्टो कंपनीने महिकोचे २६ टक्के भागभांडवल घेतले. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा बियाण्यांचा व्यवसाय येथे चांगलाच रुजलेला होता. जालना ते छत्रपती संभाजीनगर या रस्त्यावर, बदनापूर तालुक्यातील दावलवाडी येथे महिकोचे संशोधन केंद्र आहे. बदनापूरलाच कडधान्यांवर काम करणारे परभणीच्या कृषि विद्यापीठाचे संशोधन केंद्रही आहे. खाजगी आणि विद्यापीठीय संशोधन एकाच तालुक्यात शेजारी नांदावे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१९९५ मध्ये केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 'क्राय १ एसी' हे जनुक असलेले १०० ग्रॅम कापूस-बियाणे आयात करण्यास महिकोला परवानगी दिली. त्या अमेरिकन वाणातील जनुक पुनःपुन्हा संकर करून भारतीय वाणांत आणले गेले, आणि २६ मार्च २००२ रोजी बीटी कापसाच्या तीन संकर वाणांस संमती मिळाली. कापूस हे अन्न नव्हे असे म्हणून या टप्प्यावर अन्नसुरक्षेची चर्चा काहीशी बाजूस राहिली. वस्तुतः सरकीचे तेल माणसाच्या खाण्यात येते आणि सरकीची पेंड दुभत्या जनावरांच्या गव्हाणीत पडते. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिनाचा अंश जवळजवळ उरत नाही हे खरे. परंतु पेंडीविषयी तसे म्हणता येत नाही.

वांग्याच्या बाबतीत ही पळवाट नव्हती. फळ व शेंडा पोखरणाऱ्या अळीपासून वांगे वाचविण्यासाठी शेतकऱ्यास वारंवार फवारणी करावी लागते, आणि ते विष भाजीबरोबर बाजारात येते. त्यावरील उपाय म्हणून महिकोने 'क्राय १ एसी' वांग्यात बसविले. ज्या एका पेशीत जनुक बसले तिच्यापासून वाढलेल्या वंशास शास्त्रज्ञ 'इव्हेंट' म्हणतात. जालन्याच्या या वंशाचे नाव 'ईई-१' होय. त्यात कीटकनाशक जनुकाबरोबर आणखी दोन जीवाणुजन्य जनुके होती. एक कॅनामायसिनला आणि दुसरे स्ट्रेप्टोमायसिनला प्रतिकार करणारे. रोपण यशस्वी झाले किंवा नाही हे ओळखण्यापुरताच त्यांचा उपयोग होता. तरी प्रतिजैविकांना दाद न देणारे रोगजंतू वाढत असलेल्या काळात अशी जनुके अन्नात असावीत काय, हा प्रश्न उचितच होता.

४

नियमांप्रमाणे उंदीर, ससे, शेळ्या, गायी, कोंबड्या आणि मासे यांच्यावर आहार-परीक्षणे झाली. उंदरांवरील मुख्य परीक्षण ९० दिवसांचे होते. परीक्षणे निरनिराळ्या प्रयोगशाळांत झाली, परंतु ती करवून घेणारी व त्यांचा अहवाल सादर करणारी संस्था बियाणे विकणारीच होती. यात बेकायदेशीर असे काही नव्हते. औषधांच्या बाबतीतही हीच रीत आहे. मात्र मूळ आकडे लोकांस खुले नव्हते. माहितीच्या अधिकाराखालील अर्ज आणि त्यानंतरची न्यायालयीन लढाई यांच्या परिणामी २००८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ते पाहून फ्रान्समधील प्रा. सेरालिनी यांनी २००९ मध्ये काही फरकांवर बोट ठेवले. हे फरक प्राण्यांच्या स्वाभाविक विविधतेत बसतात, असा निर्वाळा प्रा. अर्जुला रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ-समितीने दिला. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्रीय समितीने संमती दिली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेले निरीक्षक डॉ. पुष्प भार्गव यांचा तिला विरोध होता.

यानंतर पर्यावरणमंत्री श्री. जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत सभा घेतल्या, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी निर्णय स्थगित केला. जनुक विषारी ठरले, असे त्यांनी म्हटले नाही. शास्त्रज्ञांत एकमत नाही, राज्यांचा विरोध आहे, आणि लोकांचे समाधान होईल अशी स्वतंत्र परीक्षणे झालेली नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच वर्षी संबंधित समितीच्या इंग्रजी नावातील 'संमती' या अर्थाचा शब्द जाऊन 'मूल्यमापन' या अर्थाचा शब्द आला. इकडे बांगलादेशाने हेच जनुक असलेल्या चार वाणांस २०१३ मध्ये मान्यता दिली, आणि जानेवारी २०१४ मध्ये २० शेतकऱ्यांना त्यांची रोपे वाटली. एकाच वंशाविषयी, बव्हंशी त्याच पुराव्यावरून, दोन शेजारी देशांनी दोन निर्णय घेतले.

५

'परीक्षण स्वतंत्र हवे' या मागणीचा अर्थ 'ते सरकारी संस्थेने करावे' एवढाच घेतला, तर पुढील दोन घटना आपणांस अडवितात. पहिली घटना कापसाची. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, धारवाडचे कृषि विद्यापीठ आणि दिल्लीची एक राष्ट्रीय संस्था यांनी मिळून 'बिकानेरी नरमा' हा स्वदेशी बीटी वाण तयार केला. शेतकऱ्याने स्वतःचे बियाणे राखावे, हा त्यामागील हेतू स्तुत्य होता. परंतु २००९ मध्ये त्यात मोन्सॅन्टोचाच वंश आढळला आणि बियाणे मागे घ्यावे लागले. प्रा. सोपोरी यांच्या समितीने २०१२ च्या अहवालात भेसळीवर आणि नोंदींतील ढिलाईवर बोट ठेवले. दुसरी घटना विज्ञान-अकादमींची. बीटी वांग्याविषयी मत मागितले असता देशातील सहा अकादमींनी सप्टेंबर २०१० मध्ये संयुक्त अहवाल दिला. त्यातील काही मजकूर आधी छापलेल्या लेखनातून जसाच्या तसा उचललेला निघाला, आणि डिसेंबरमध्ये सुधारलेला अहवाल काढावा लागला.

तात्पर्य, स्वातंत्र्य हे संस्थेच्या नावाने सिद्ध होत नाही. बियाण्याचा नमुना जपून ठेवणे, जनुक गुणसूत्रावर नेमके कोठे बसले तो क्रम वाचून प्रसिद्ध करणे, आणि मूळ आकडे प्रतिस्पर्ध्यासही तपासू देणे, या नित्याच्या कामांनी ते सिद्ध होते. ही कामे आज विद्यापीठाच्या आवाक्यात आहेत. बिकानेरी नरम्यातील परका वंश जनुकाभोवतीच्या क्रमावरूनच ओळखता आला. हरियाणात फतेहाबाद जिल्ह्यात २०१९ मध्ये अनधिकृत बीटी वांगे सापडले, तेही प्रयोगशाळेच्या परीक्षणानेच निश्चित झाले.

६

जालन्याचा हा इतिहास संपलेला नाही. 'जनक' आणि 'बीएसएस-७९३' या वांग्याच्या वाणांच्या शेतातील चाचण्यांस केंद्रीय समितीने २०२० मध्ये परवानगी दिली. त्यांतील 'क्राय १ एफए १' जनुकाचा वंश दिल्लीच्या सरकारी संस्थेचा आहे, आणि वाण जालन्याच्याच 'बेजो शीतल' कंपनीचे आहेत. म्हणजे या खेपेस सरकारी संशोधन व खाजगी व्यवसाय एका बाजूस आलेले आहेत, आणि त्रयस्थाची जागा रिकामी आहे.

जीवाणूंच्या जनुकसंचाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने ही जागा नीट पाहावी. नवे जनुक शोधणाऱ्यास कीर्ती मिळते, पेटंट मिळते. दुसऱ्याने बसविलेले जनुक पुन्हा वाचून पाहणाऱ्यास यांपैकी फारसे काही मिळत नाही. असे काम प्रबंधास पुरेसे 'नवे' नाही असेही त्यास ऐकावे लागते. परंतु २०१० मध्ये निर्णय देणाऱ्यास जे हवे होते आणि मिळाले नाही, ते नेमके हेच काम होते. ते त्या वेळी झाले असते तर निर्णय अनुकूल झाला असता की प्रतिकूल, हे सांगण्याचे कारण नाही. जो झाला असता तो पुराव्यावर झाला असता, आणि वांगे पिकविणाऱ्यास व खाणाऱ्यास त्याचे कारण समजले असते. प्रबंधाचे विषय ठरविणाऱ्या आपल्या मंडळांनी अशा पुनःपरीक्षणास संशोधन म्हणून मान्यता द्यावी, एवढी सूचना या इतिहासावरून करावीशी वाटते.