एका चाकाची कैफियत

शेतातला माल बाजारी न्यावा आणि परतताना त्याच वाहनातून पेंडीची पोती व घरची माणसे आणावीत, ही निकड अमेरिकेतील शेतकऱ्यास मोटार दारी आल्या दिवसापासून जाणवत होती. आणि कारखानदार ती भागवीत नाही असे दिसताच त्याने फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीची मागची बाजू उतरवून तेथे फळ्यांचा हौदा ठोकण्याचा उद्योग आपल्याच अंगणात आरंभिला. कंपनीने हा उद्योग काही वर्षे पाहिला, आणि १९२५ च्या एप्रिलमध्ये तोच हौदा पोलादाचा करून, त्याला मागे फाळका व कडेला खुंटे रोवण्यासाठी चार खाचा देऊन, २८१ डॉलर किमतीस विक्रीस काढला. फोर्डच्या कारखान्यातून सिद्ध होऊन बाहेर पडलेली ही पहिली पिकअप. पण ज्या वाहनाचा अर्धा जन्म मालकाच्या हातोडीखाली झाला, त्याचे काही मोडले तर दोषाचा धनी कोण, घडविणारा की वापरणारा, हा प्रश्न जन्मखुणेसारखा त्याच्या अंगाला चिकटला. आणि सदोष गाड्या परत मागविण्याची जी चाल आता ‘रिकॉल’ या नावाने सर्वतोमुखी झाली आहे, तिचा इतिहास हा बऱ्याच अंशी याच प्रश्नाच्या निवाड्याचा इतिहास आहे.

१९६६ पूर्वी हा निवाडा चव्हाट्यावर होत नसे. एखादा भाग वारंवार निकामी होतो असे कारखान्याच्या ध्यानी आले, तर पुष्कळदा विक्रेत्यांना तेवढे सूचनापत्र जाई, आणि गाडी अन्य कामासाठी दुरुस्तीस आली असता तो भाग बिनबोभाट बदलला जाई. जी गाडी आलीच नाही, तिचा मालक नशिबावर हवाला ठेवून हिंडत राही. १९६५ च्या नोव्हेंबरात राल्फ नेडर या तरुण वकिलाने ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध करून, अपघाताचा सारा ठपका चालकावर ठेवण्याच्या वहिवाटीला आव्हान दिले, आणि पहिल्याच प्रकरणात जनरल मोटर्सच्या ‘कॉर्वेअर’ मोटारीची रचना आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली. युक्तिवादास युक्तिवादाने उत्तर देण्याऐवजी कंपनीने त्याच्या खाजगी आयुष्यामागे हेर लाविले, ते उघडकीस आले, आणि १९६६ च्या मार्चमध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीसमोर जाहीर क्षमा मागावी लागली. त्याच वर्षी ९ सप्टेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहन-सुरक्षेच्या कायद्यावर स्वाक्षरी केली, आणि सुरक्षेला बाधक असा दोष आढळल्यास तो खरेदीदारास टपालाने कळविण्याचे बंधन कारखानदारावर आले.

कायदा झाला खरा, परंतु त्यात दोन भगदाडे राहिली. पत्र जायचे ते पहिल्या खरेदीदारास, आणि पुढच्यास केवळ हमीपत्र त्याच्या नावे झाले असेल तर. शिवाय कळविणे सक्तीचे होते, फुकट दुरुस्त करून देणे नव्हे. पिकअप ही तर बहुधा तिसऱ्या-चौथ्या हाती पोचल्यावरच खरी राबू लागणारी वस्तू. तेव्हा ज्याच्या जिवाला धोका अधिक, त्याच्याच दारी पत्र पोचू नये, अशी ही उफराटी व्यवस्था होती.

अशा स्थितीत एक चाक न्यायालयाची पायरी चढले. १९६० ते १९६५ या काळात जनरल मोटर्सने पाऊण टन वर्गाच्या सुमारे दोन लाख ट्रकांना केल्सी-हेज या कंपनीची तीन भागांची चाके बसविली होती, आणि ती चालत्या गाडीखाली तुटत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. त्या दिवसांत पिकअपच्या हौद्यावर निजण्याची व रांधण्याची सोय असलेली अख्खी खोली चढवून देशाटनास निघण्याची टूम अमेरिकेत निघाली होती. कंपनीची कैफियत अशी की, चाक निर्दोष आहे. मालक त्यावर नेमून दिलेल्या वजनापेक्षा अधिक भार लादतात, म्हणून ते तुटते. १९६९ मध्ये तिने असा तोडगा मान्य केला की, ज्या सुमारे पन्नास हजार ट्रकांवर अशा खोल्या वा खास सांगाडे चढविलेले आहेत, त्यांची चाके फुकट बदलून द्यावीत, आणि उरलेल्या दीड लाख मालकांना अतिभाराविषयी इशारा द्यावा. पुढे सरकारी खात्याने या उरलेल्या गाड्यांतही दोष असल्याचा निर्णय दिला, कंपनीने तो मानला नाही, आणि प्रकरण खटल्यावर गेले.

१९७५ च्या जूनमध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने खटला पुढील चौकशीसाठी खाली परत धाडला. पण तसे करताना ‘दोष’ या शब्दाची जी व्याख्या त्याने केली, तीच या चाकाची खरी मिळकत होय. नेहमीच्या वापरात एखादा भाग लक्षणीय संख्येने निकामी होत असेल, तर तो सदोष समजावा; आणि नेहमीच्या वापरात, मालकाने केलेली जी हयगय वा जो अतिरेक कारखानदारास आधीच ओळखता येण्याजोगा आहे, तोही धरावा, असे न्यायालयाने सांगितले. ट्रक म्हटला की माणूस त्यावर चार पोती जास्त टाकणारच, हे ट्रक विकणाऱ्यास ठाऊक नसावे, असे कसे म्हणता येईल? मात्र केवळ वयाने आणि झिजेने जे भाग जातात, त्यांचे ओझे न्यायालयाने कारखानदाराच्या खांद्यावर टाकले नाही. ब्रेकचे पॅड झिजायचेच असतात, चाक मात्र गाडीच्या आयुष्यभर टिकावे अशीच अपेक्षा असते. पहिल्याची जबाबदारी वापरणाऱ्याची, दुसऱ्याची घडविणाऱ्याची. रिकॉल आणि देखभाल यांच्यातील शीव ती ही, आणि ती एका मालवाहू गाडीच्या चाकावरून आखली गेली.

दरम्यान १९७४ मध्ये कायद्याची भगदाडे बुजविली गेली. परिवहन दप्तरी ज्याचे नाव असेल त्यास पत्र जाऊ लागले, आणि दुरुस्ती विनामूल्य झाली. पण तिला मुदत पडली, आणि ही मुदतच जुन्या गाडीच्या मालकाने पक्की ध्यानात ठेवावी अशी आहे. आरंभी पहिल्या खरेदीपासून आठ वर्षे, २००० च्या कायद्याने दहा, आणि २०१५ च्या कायद्याने पंधरा वर्षे. १९८१ पासून प्रत्येक गाडीस सतरा अक्षरांचा क्रमांक सक्तीचा झाला. समोरच्या काचेतून बाहेरूनच वाचता यावी अशी त्याची बारीक पट्टी चालकाच्या पुढ्यात बसविलेली असते; एक व शून्य या अंकांशी घोटाळा होऊ नये म्हणून ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे त्यातून वगळलेली आहेत, आणि नववे अक्षर हे बाकीच्या सोळांच्या गणितातून निघालेले असल्यामुळे नकलताना झालेली चूक चटकन उघडी पडते. २०१४ पासून हा क्रमांक संगणकावर घालताच त्या गाडीचा कोणता रिकॉल दुरुस्तीवाचून राहिला आहे ते कळू लागले. परंतु हा झाडाही मागील पंधरा वर्षांपुरताच असल्यामुळे, तीस वर्षांच्या पिकअपसमोर आलेले कोरे पान हा निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. अशा गाडीचा क्रमांक घेऊन विक्रेत्याचे दप्तरच उघडवावे लागते.

शीव आखली म्हणून तंटे मिटतात असे नाही. आणि शिवेवरचे दोन दोष पिकअपच्या मालकांनी चांगलेच भोगले. पहिला, फोर्डच्या गाड्यांतील वेग स्थिर राखणाऱ्या यंत्रणेचा खटका. हा चिमुकला भाग ब्रेकच्या मास्टर सिलिंडरवर बसविलेला. त्याच्या एका अंगाला दाबाखालचे ब्रेकचे तेल, दुसऱ्या अंगाला विजेचे टोक, आणि दोहोंमध्ये केवळ एक पातळ पापुद्रा. वर्षानुवर्षांच्या दाबाने पापुद्रा चिरे, तेल झिरपे, आणि खटक्याला बॅटरीचा प्रवाह अष्टौप्रहर मिळत असल्यामुळे, इंजिन बंद करून, किल्ली खुंटीला अडकवून मालक निजला असताना, दारात उभ्या गाडीला आग लागे. १९९९ ते २००९ या दशकात अनेक हप्त्यांनी एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास वाहने यासाठी परत मागविली गेली, त्यांत एफ-१५० पिकअपही होती. आणि उपाय काय, तर फ्यूज असलेला वायरीचा एक तुकडा!

दुसरा दोष तकाता कंपनीच्या एअरबॅगचा. तिच्यातील अमोनियम नायट्रेट उष्ण व दमट हवेत वर्षानुवर्षे राहून असे बिघडे की, अपघातसमयी एअरबॅग फुगण्याऐवजी तिचे धातूचे कवचच फुटून ठिकऱ्या चालकाच्या अंगात घुसत. २००६ च्या रेंजर पिकअपमध्ये दोघांचा बळी गेल्यावर २०१८ च्या जानेवारीत फोर्डने तसल्या काही गाड्यांच्या मालकांना, गाडी चालवूच नका, असे कळविले. न्यायालयाने वयाला मालकाच्या बाजूस ढकलले होते. येथे घडविताना पेरलेला दोष वयानेच पिकवला. म्हणून जुन्या गाडीचा मालक, इतकी वर्षे काही झाले नाही, असे म्हणून स्वस्थ बसतो, तेव्हा तो जे पुरावा समजतो तीच मुळी मुदत असते.

मालकाचे स्वतःचे खाते तितक्याच काटेकोरपणे मांडावे लागते. बर्फाच्या प्रदेशात रस्त्यावर टाकलेले मीठ चासीच्या पोकळीत साचते आणि लोखंड आतून खाते. टोयोटाच्या टॅकोमा पिकअपच्या चासी अशाच सडू लागल्या, तेव्हा २००८ मध्ये कंपनीने १९९५ ते २००० च्या गाड्यांची गंजाविरुद्धची हमी पंधरा वर्षांवर नेली. गाडीखाली शिरून हातोडीने चासी ठोकावी, खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर ती आतून सडली असे समजावे. ब्रेकच्या पोलादी नळ्यांवरून फडके फिरवून ओल पाहावी. हौद्याखालची पाणी निघून जाण्याची भोके चिखलाने बुजली असल्यास तारेने मोकळी करावीत. हे काम कोणताही हुकूमनामा दुसऱ्याकडून करवून घेऊ शकत नाही.

आपल्याकडे ही चाल उशिरा आली. २०१२ मध्ये वाहन-उत्पादकांच्या संघटनेने ऐच्छिक नियमावली केली, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम घातले, आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. पण ते सात वर्षांच्या आतील वाहनांपुरते. लासलगावास कांदा आणि नारायणगावास टोमॅटो वाहणाऱ्या पिकअपांपैकी कितीएक तर सात वर्षे उलटल्यावरच गावाकडच्या दुसऱ्या मालकाच्या हाती येतात. निदान आरसी बुकावर वेळीच आपले नाव चढवून घेतले, तर आलेले पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर पडून राहत नाही.

अंगणात हौदा ठोकणाऱ्या त्या शेतकऱ्यास एक गोष्ट बिनचूक ठाऊक होती: कोणता खिळा आपण ठोकला आणि कोणता कारखान्याने. हौदा पोलादाचा झाला आणि ते ज्ञान त्याच्या हातून सुटले. काचेआडची ती सतरा अक्षरे वाचणे आणि गाडीखाली शिरून चासीवर हातोडी ठोकणे, ही दोन्ही कामे ज्याने केली, त्याला ते पुष्कळ अंशी परत मिळाले असे म्हणावे लागेल.