बर्न्सने पाहिलेला काबूलचा बाजार

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अफगाणिस्तानाविषयीची इंग्रजी साधने मुख्यतः दरबार आणि युद्धे यांनी व्यापलेली आहेत. पुढे पुण्याचा रेसिडेंट व मुंबईचा गव्हर्नर झालेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा १८१५ चा ग्रंथ व्यासंगपूर्ण खरा. परंतु १८०९ मध्ये त्याचे शिष्टमंडळ पेशावरच्या पुढे गेले नाही आणि काबूल त्याने स्वतः पाहिले नाही. या दृष्टीने मुंबईच्या लष्करातील अधिकारी अलेक्झांडर बर्न्स याचे १८३४ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रवासवर्णन विशेष महत्त्वाचे ठरते. १८३२ च्या मे महिन्यात तो काबुलात होता. दिल्लीचा मोहनलाल आणि मुंबईच्या अभियांत्रिकी संस्थेत शिकलेला मोजणीदार महंमद अली हे त्याच्या समवेत होते.

शहराचे केंद्र म्हणजे चार छत्ता हा आच्छादित बाजार. शहाजहानच्या कारकीर्दीत अलीमर्दानखानाने तो बांधविला. बर्न्सच्या मते त्याची लांबी सुमारे ६०० फूट व रुंदी ३० फूट होती. प्रत्येक धंद्याची पेठ निराळी होती. सायंकाळी दुकानापुढे टांगलेल्या दिव्यांनी नगर उजळून निघे. गतवर्षीची द्राक्षे, सफरचंदे, एवढेच नव्हे तर खरबुजेही मे महिन्यात विकत मिळत. फालुद्याच्या दुकानांत बर्फाचा स्तंभ उभा असे, तर भटारखान्यांपुढे रोटीसाठी गर्दी लोटे. घरी रांधणारे थोडेच, असे तो लिहितो. चाकांच्या गाड्या नसूनही तिसऱ्या प्रहरी रस्त्यांत असा कोलाहल माजे की जवळच्या माणसाला बोललेले ऐकू येत नसे. कागदविक्रेत्यांकडील बराचसा निळा कागद रशियाचा होता.

हा शेवटचा तपशील केवळ कुतूहलाचा नाही. मध्य आशियात रशियाचा व्यापार कोठवर पोहोचला आहे, याची माहिती कंपनी सरकारला हवीच होती. शिकारपुरी हिंदू सावकारांनी निझनी नोव्हगोरोद, अस्त्राखान व बुखारा येथील हुंड्या देऊ केल्या, ही नोंदही त्याच दृष्टीची द्योतक होय. बर्न्सचे डोळे प्रवाशाचे होते, तसेच हेराचेही होते. म्हणूनच त्याच्या वर्णनात माल, अंतर आणि जकात यांविषयी नेमकेपणा आढळतो. दुकानदारांची नावे व त्यांचे स्वतःचे म्हणणे मात्र जवळजवळ आढळत नाही.

तथापि या निरीक्षणातून त्याने काढलेला निष्कर्ष विचारार्ह आहे. मालावरील जकात केवळ चाळिसावा हिस्सा, व्यापारी निर्धास्त आणि पेठा गजबजलेल्या. यावरून दोस्त महंमदाचे शासन न्यायी असल्याचे त्याने नमूद केले. परंतु १८३८ मध्ये गव्हर्नर-जनरल ऑकलंडने त्याच अमीराला पदच्युत करून शाह शुजाला गादीवर बसविण्याचे ठरविले. बर्न्सचे मत दोस्त महंमदाला अनुकूल होते. तरीही तो या मोहिमेत सामील झाला. १८३९ नंतर काबुलात राहिलेल्या सैन्याच्या खरेदीमुळे धान्य महागले व गरिबांचे हाल झाले, हे मोहनलालच्या लिखाणावरून दिसते. २ नोव्हेंबर १८४१ रोजी उठावाच्या पहिल्याच दिवशी बर्न्स काबुलात मारला गेला. डिसेंबरात मॅकनॉटनचाही वध झाला व त्याचे प्रेत चार छत्त्यात टांगण्यात आले.

या अपमानाचा सूड म्हणून जनरल पोलॉकच्या सैन्याने ऑक्टोबर १८४२ मध्ये तो बाजार सुरुंगाने उडवून दिला. बाजारापुरताच विध्वंस व्हावा असे ठरले होते. प्रत्यक्षात शहरात लूट व जाळपोळ पसरली. शिक्षा भोगणाऱ्यांत उठावाशी संबंध नसलेले हिंदू व्यापारीही होते.

परकीय प्रवाशाचे लिखाण साधन म्हणून वापरताना त्यातील पूर्वग्रह शोधण्याची पद्धत रूढ आहे आणि ती योग्यच आहे. बर्न्सच्या बाबतीत प्रश्न अधिक अवघड होतो. त्याचे निरीक्षण बहुतांशी विश्वसनीय होते. धोरण ठरविणाऱ्यांनी त्यातील माल व मार्ग यांची माहिती तेवढी उचलली, निष्कर्ष मात्र बाजूस सारला. शहाजहानकालीन चार छत्त्याचे त्याने केलेले वर्णन आज महत्त्वाचे साधन ठरते, याचे एक कारण तो बाजार उद्ध्वस्त झाला हे आहे; आणि तो उद्ध्वस्त करणारे सैन्य बर्न्सने ज्या सत्तेची सेवा केली तिचेच होते.