सरस कोण?

मराठीत 'सरस' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे वरचढ, आणि दुसरा जनावरांची कातडी-हाडं उकळून केलेला चिकट पदार्थ. हे दोन अर्थ एकाच शब्दात बसवणाऱ्याला नोकरीचा अनुभव असला पाहिजे. बँकेतसुद्धा खुर्चीला जो अधिक चिकटतो, तोच शेवटी सरस ठरतो!

आमच्या इमारतीत एक निवृत्त फिटर आहेत. ते लेथवर लाकडी पेनं करतात. पेन म्हणजे नुसतं लाकूड कोरणं नव्हे. ठोकळ्याला सुमारे ७ मिलिमीटरचं आरपार भोक पाडायचं, त्यात पितळेची नळी चिकटवायची आणि मगच तो लेथवर चढवायचा. आता लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. पितळेला ओलीचं सोयरसुतक नाही. अशा संसारात मध्यस्थ कोण हवा? काकांचा ठोकळा तर पाडलेल्या वाड्याच्या सागवानी खांबाचा. तो उडाला, तर दुसरा वाडा कुठून पाडायचा?

उमेदवारांची यादी बरीच जुनी आहे. भूर्जाच्या सालीपासून केलेलं डांबर इटलीत कॅम्पितेल्लो इथे दगडी हत्यारांवर सापडलं, ते सुमारे २ लाख वर्षांपूर्वीचं. लावणारे निअँडरथल. म्हणजे शेती, लिपी, पगार यांपैकी काही नव्हतं तेव्हाही चिकटपणा होता.

मग आला सरस. इजिप्तमध्ये थीब्सला रेखमिरे नावाच्या वजिराचं साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं थडगं आहे. त्याच्या भिंतीवरच्या चित्रात सुतार सरस लावताना दिसतात. आपल्याकडचे सुतारही डबड्यात सरस तापवत, आणि ते काम चाललंय हे शेजाऱ्यांना नाकाने कळे. पण तापवलं की सरस पुन्हा सैल होतो, आणि लेथवर तर घर्षणाने नळी तापते.

१९५९ साली फेव्हिकॉल आला आणि ते डबडं चुलीवरून उतरलं. हा पांढरा गडी लाकडाला लाकूड जोडण्यात पटाईत, कारण त्यातलं पाणी लाकूड पिऊन टाकतं. पितळ मात्र पाण्याचा थेंब घेत नाही. शिवाय ते पाणी पिऊन लाकूड फुगतं ते वेगळंच.

मग सुपरग्लू? १९४२ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीचे हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हाती लागलेला पदार्थ जिथे तिथे चिकटू लागला, म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. १९५१ मध्ये फ्रेड जॉयनर या सहकाऱ्याने तोच पदार्थ महागड्या उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये तपासायला घातला. लोलक सुटेनात, तेव्हा कुठे कूव्हरांच्या लक्षात आलं की हाच त्याचा गुण! १९५८ मध्ये तो बाजारात आला. याला घट्ट व्हायला हवेतली ओल पुरते, त्यामुळे आपल्या जुलैत तर विचारूच नका. नळी अर्ध्या वाटेवर असतानाच हा निकाल देतो, आणि त्यावर अपील नाही. वर पुन्हा ठिसूळ. पेन पडलं की संबंध संपले.

राहिला एपॉक्सी. स्वित्झर्लंडचे पिएर कास्तां १९३० च्या दशकात दातांच्या कवळ्यांसाठी पदार्थ शोधत होते. त्यांच्या कामातून १९४६ साली बाजारात आलं अ‍ॅरल्डाइट. दोन ट्यूब, दोन्हींतून समसमान घ्यायचं. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मला हे फार पटतं. दोन्ही बाजू सारख्या आल्याशिवाय हा ताळेबंद जुळत नाही, म्हणजे घट्टच होत नाही.

काका पितळेची नळी पॉलिश पेपरने खरवडतात, कारण गुळगुळीत अंगाला काही धरत नाही. तोंडात बटाट्याची चकती दाबून बूच करतात, म्हणजे आत काही शिरत नाही. मग फिरवत फिरवत नळी सरकवतात, कारण कुठे पोकळी राहिली तर पटाशी लागताच लाकडाची कपची उडते. 'पाच मिनिटांचा' एपॉक्सी पाच मिनिटांत फक्त धरू लागतो. ते मात्र रात्रभर हात लावत नाहीत.

तेव्हा माझं मत एपॉक्सीला. तो ओलीला दाद देत नाही, फटी भरतो, हे आहेच. पण खरी गोष्ट म्हणजे कायमचं चिकटण्याआधी तो नळी सरळ करून घ्यायला पाच मिनिटं देतो. एवढी मुदत आमच्या लग्नाच्या मुहूर्तालाही मिळाली नव्हती.