ओतणं सोपं, सोडवणं अवघड

गुढीपाडवा जवळ आला की गंगाखेडच्या बाजारात साखरेच्या गाठ्या लटकू लागतात. गोदाकाठचं हे गाव संत जनाबाईंचं, भोवतीचा पट्टा उसाचा. पण गाठीला रूप देतो तो लाकडी साचा.

दोन फळ्या, आतल्या अंगाला कोरलेली पदकं, मधून जाणारा दोरा. कारागीर पाकात थोडं दूध घालून वर आलेली मळी काढतात. फळ्या आधी पाण्यात भिजवतात, कारण कोरड्या लाकडाला पाक धरून बसतो. मग दोरा बसवायचा, फळ्या आवळायच्या आणि वरून कढत पाक सोडायचा. निवला की फळ्या उघडून माळ मोकळी.

साच्याची परीक्षा ओतताना होत नाही, सोडवताना होते. चॉकलेटवाल्यांनाही हेच कोडं पडलं. पॅरिसच्या लेतांगनं १८३२च्या सुमारास पत्र्याचे साचे केले. ब्रिस्टॉलच्या फ्राय कंपनीनं १८४७मध्ये साच्यातली चॉकलेटची वडी बाजारात आणली. नीट टेंपर केलेलं, म्हणजे ठरावीक तापमानांतून फिरवून आणलेलं चॉकलेट निवताना किंचित आकसतं, म्हणून कडक साच्यातूनही सुटतं. गणपतीची सोंड किंवा मोराचा तुरा आला की मात्र ते खाचेत अडकतं आणि मोडतं. तिथे साच्यानंच वाकायला हवं.

तो वाकणारा साचा सिलिकॉनचा. नॉटिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग या संयुगांमागे अनेक वर्षं लागले होते, आणि १९३७मध्ये त्यांनीच यातून लवकर काही मोठं निघण्याची फारशी आशा नाही असं सांगून टाकलं! तीनच वर्षांत अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये ती मोठ्या प्रमाणावर बनवण्याची रीत सापडली.

आता घरी साचा करायला एक नमुना, एक खोका आणि दोन भागांत मिळणारं, प्लॅटिनमच्या मदतीनं घट्ट होणारं खाद्यवापराचं सिलिकॉन पुरतं. नमुना म्हणून गाठीतलं सपाट पाठीचं पदकही घेता येतं. पाठ खोक्याच्या तळाला चिकटवायची, दोन्ही भाग कालवायचे आणि एका कोपऱ्यातून बारीक धारेनं ओतायचे, म्हणजे बुडबुडे कमी अडकतात. नमुना मातीचा असेल तर तीत गंधक नको. गंधक लागलं की सिलिकॉन चिकट राहतं आणि महागाचा माल वाया जातो.

अशा साच्यात ओतलेली चॉकलेटची गाठी पोरं मिटक्या मारत खातील. गुढीला मात्र ती बांधता येणार नाही. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि गंगाखेडचं चैत्रातलं ऊन त्याच्या बरंच पुढे जातं. तिथे साखरेचीच गाठी लागते.