हफ्रचा खड्डा आणि गाडीचा चेंबर

सौदीतल्या हफ्र अल बातिनहून आपल्या एका श्रोत्याचा निरोप आलाय. पिकअप चालवतात. दगड लागून इंजिनाचा चेंबर चेपलाय, थेंब थेंब तेल गळतंय. गॅरेजवाल्याने सांगितलेला खर्च पगाराला जड आहे. विचारतात, चेंबर घरीच काढला तर? उत्तर देतो, पण जरा वळसा घेऊन.

'हफ्र' म्हणजे खोदलेला खड्डा, विहीर. बसऱ्याहून मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी अबू मूसा अल अशअरी यांनी सातव्या शतकात इथे विहिरी खोदवल्या, असं परंपरा सांगते. पुढे 1947 ते 1950 या काळात भूमध्य समुद्राकडे तेल नेणारी टॅपलाइन टाकली गेली. शेजारच्या कैसूमाला तिचं पंपिंग स्टेशन झालं. नळाच्या सोबतीने रस्ता आला, रस्त्यावर ट्रक आले. 1990-91 च्या आखाती युद्धात तर याच टॅपलाइन रस्त्यावरून रणगाडे आणि रसद वाहणाऱ्या ट्रकांची रीघ लागली होती. उंट बसला तर त्याला उठवता येतं. इंजिन बसलं की माणूस वाळवंटात अडकला.

आता घरच्या दुरुस्तीकडे. 1908 साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तेलाचा पंपच नव्हता. फिरणारे भागच तेल उडवत, त्यावर इंजिन चाले. 1911 नंतरच्या गाड्यांत चेंबरच्या तळाला एक झाकण आलं. शेतकरी गाडीखाली आडवा व्हायचा, झाकण काढायचा आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं तिथेच आवळायचा. म्हणजे मालक खाली शिरणार, हे कंपनीने धरूनच चाललेलं होतं! ही गोष्ट मला फार आवडते.

आज तसं नाही. तुमची पिकअप फोर बाय फोर असेल, तर चेंबरखाली बहुधा पुढचं डिफरन्शियल आडवं येतं. काही गाड्यांत इंजिन थोडं उचलल्याशिवाय चेंबर बाहेर निघतच नाही. म्हणून आधी खाली वाकून बघा. वाट अडलेली असेल तर हे घरचं काम नाही. पैसे जातील, जाऊ देत.

वाट मोकळी असेल, तर पहिली गोष्ट जमीन. वाळूवर जॅक तिरका होतो. टणक फरशी हवी, चाकांना अडण हवी आणि लोखंडी स्टँड लावल्याशिवाय अंग खाली घालायचं नाही. आपल्याकडच्या गॅरेजात खड्ड्यात उतरून काम करतात, ते उगाच नाही. तेल कोमट असताना काढा, उकळतं नको. बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने सैल करा. चेंबर सिलिकॉनने चिकटलेला असतो. स्क्रूड्रायव्हर खुपसलात तर बसण्याची जागा ओरबाडली जाते आणि गळती वाढते.

चेंबर हातात आला की तळ नीट पुसून बघा. काळा गाळ असणारच. पण तांब्यासारखी चमक दिसली, तर बेअरिंग झिजलंय. मग नवा चेंबर बसवून गाडी हाकू नका. तेल डब्यात भरून गॅरेजात द्या, वाळूत ओतू नका.

बोल्ट किती आवळायचे, तो आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. आणि हो, गाडीचं मॉडेल आणि साल कळवा. पुढच्या भागात तेवढ्यावरच बोलू. तोवर तेलाचा लाल दिवा पेटला, तर तिथेच इंजिन बंद करा.