विश्वाचा न जुळणारा हिशेब

दिवाळीत वहीपूजन होते. कोऱ्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक निघते, पण त्याआधी गतवर्षाचा हिशेब मिटवावा लागतो. जमाखर्चाचा मेळ बसला नाही, तर दुकानदाराला चैन पडत नाही. खगोलशास्त्रज्ञांची अशीच एक वही नव्वदांहून अधिक वर्षे उघडी आहे, आणि तिच्यातली तूट चार-आठ आण्यांची नाही!

ती प्रथम ध्यानात आली १९३३ साली. फ्रिट्झ झ्विकी हे स्विस शास्त्रज्ञ तेव्हा कॅलिफोर्नियात काम करीत. अरुंधती केश या तारकासमूहाच्या दिशेला दीर्घिकांचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड मेळाव्यांचा, एक मोठा पुंज आहे. त्याच्या प्रकाशावरून झ्विकींनी त्यातील द्रव्याचा अंदाज बांधला. तेवढ्या द्रव्याच्या ओढीने दीर्घिकांचा वेग सेकंदाला ८० किलोमीटरच्या आसपास असावयास हवा होता. प्रत्यक्षात तो १,००० च्या घरात निघाला. अशा वेगाने दावे तुटलेल्या गुरांप्रमाणे दीर्घिका कधीच पांगल्या असत्या. ज्याअर्थी पुंज टिकून आहे, त्याअर्थी तेथे न दिसणारे पुष्कळ द्रव्य असले पाहिजे. झ्विकींनी त्याला कृष्णद्रव्य म्हटले. त्यांचा आकडा पुढे बराच खाली आला. तूट मात्र भरून निघाली नाही.

त्या वेळी हे फारसे कुणी मनावर घेतले नाही. शंका घेणारे अगदीच वेडे होते, असेही नव्हे. युरेनसची चाल चुकते म्हणून फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी पलीकडच्या ग्रहाचे स्थान गणिताने सांगितले, आणि १८४६ साली बर्लिनच्या दुर्बिणीत नेपच्यून सापडला. पण त्याच विद्वानांनी बुधाच्या चालीवरून सुचविलेला ‘व्हल्कन’ कधीच सापडला नाही. १९१५ साली आइन्स्टाइन यांनी दाखवून दिले, की तेथे ग्रह कमी नव्हता; गुरुत्वाकर्षणाचा नियमच अपुरा होता.

पुढची नोंद केली ती व्हेरा रुबिन या बाईंनी. चार मुलांचा संसार सांभाळून त्यांनी संशोधन केले. पालोमारच्या वेधशाळेत स्त्रियांना रीतसर वेध घेऊ देत नसत. १९६५ साली तो मान प्रथम रुबिनबाईंना मिळाला. केंट फोर्ड यांनी वर्णपट टिपण्याचे एक संवेदनशील उपकरण तयार केले होते. ते घेऊन दोघांनी देवयानी दीर्घिकेचा वेध घेतला आणि १९७० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले.

आपल्या सूर्यमालेत जवळचा बुध सेकंदाला सुमारे ४८ किलोमीटर धावतो, तर दूरचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. देवयानीतही कडेकडे वेग असाच घसरेल अशी अपेक्षा होती. तो तसा घसरेना! १९८० पर्यंत आणखी २१ दीर्घिकांनी हीच साक्ष दिली. आता मात्र शास्त्रज्ञांना वही पुन्हा उघडावी लागली.

युरोपच्या ‘प्लांक’ या अवकाश-दुर्बिणीने विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रकाश मोजला. त्यावरून बसविलेला हिशेब असा: विश्व शंभर रुपयांचे मानले, तर तारे, ग्रह, वायू, तुम्ही-आम्ही मिळून जेमतेम ५ रुपये, कृष्णद्रव्य सुमारे २७, आणि उरलेले ६८ ‘कृष्ण ऊर्जे’चे, जिच्यामुळे विश्वाचे प्रसरण वेगावते आहे.

पण हे कृष्णद्रव्य आहे तरी काय? खाणींत खोलवर उपकरणे लावून शास्त्रज्ञ त्याचा कण शोधीत आहेत. अजून तो हाती लागलेला नाही. बहुतेकांचा कल ‘नेपच्यून’कडे आहे, गुरुत्वाकर्षणाचा नियमच तपासावा असे म्हणणारे थोडे लोक ‘व्हल्कन’ची आठवण करून देतात. झ्विकी १९७४ साली गेले, रुबिनबाई २०१६ साली. उत्तर दोघांनाही पाहावयास मिळाले नाही. पण तूट दिसताच ती पानाखाली न दडविता दोघांनी चोख मांडून ठेवली. आज अंगणातल्या पणत्यांवरून नजर वर जाईल, तेव्हा दिसणाऱ्या ताऱ्यांबरोबर त्या न मिटलेल्या बाकीचीही आठवण ठेवावी.