खंभातच्या कबरशिला

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया आणि किल्ले उभे राहतात. परंतु कबरीच्या उशाशी उभा असलेला दगडही इतिहास सांगत असतो. तो वाचणारा मात्र हवा. गुजरातेतील खंभात बंदरी घडविलेल्या संगमरवरी कबरशिला हे याचे उत्तम उदाहरण होय.

चौदाव्या शतकात खंभात हे पश्चिम किनाऱ्यावरील भरभराटीचे बंदर होते. अरब व इराणी व्यापारी तेथे कायमचे वस्तीस होते. तेथील जामा मशीद १३२५ सालची. तिला लागूनच उमर बिन अहमद अल्-काझरूनी या धनाढ्य व्यापाऱ्याची कबर आहे. त्याचा मृत्यू १३३३ साली झाला.

या शिलांची मांडणी साधारण ठरलेली असे. वर कमान, कमानीखाली साखळीने टांगलेला दिवा, भोवती वेलबुट्टी आणि अरबी लेखाच्या ओळी. प्रारंभी बिस्मिल्ला, मग कुरआन शरीफच्या आयती व शेवटी मृताचे नाव, वडिलांचे नाव, किताब आणि हिजरी सनातील तारीख. भोवतालचा दगड खोदून अक्षरे उठावदार ठेवलेली असत.

वेलबुट्टी कोरणारे हात मात्र गुजरातच्या मंदिरांवर काम करणाऱ्या शिल्प्यांच्या परंपरेतलेच होते. अरबी मजकूर कातिबाने आखून द्यावा व शिल्प्याने तो कोरावा, अशीच रीत असावी. धर्म निराळा, लिपी परकी. तरी छिन्नी अडली नाही.

या शिलांना परदेशातही मोठी मागणी होती. अरबस्तानातील धोफार येथे १३११ साली वारलेल्या अल्-मलिक अल्-वासिक इब्राहीम याच्या कबरीसाठी त्या गेल्या. आज त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. जावातील ग्रेसिक येथे मलिक इब्राहीम (मृत्यू १४१९) यांच्या कबरीवर आणि सुमात्रातील पासै येथे राणी नहरासिया (मृत्यू १४२८) हिच्या कबरीवरही खंभातचेच काम आहे. हे साम्य मोकेट या डच अभ्यासकाने १९१२ साली दाखवून दिले. त्यावरून इंडोनेशियात इस्लाम गुजरातेतूनच गेला, असे प्रतिपादन काहींनी केले. तथापि येथे सावध राहिले पाहिजे. दगड ही विकत मिळणारी वस्तू होती. तिच्यावरून व्यापार सिद्ध होतो. धर्म कोठून आला, हे एवढ्याने सिद्ध होत नाही.

डॉ. झियाउद्दीन देसाई यांच्यासारख्या विद्वानांनी गुजरातेतील असे अनेक लेख वाचून प्रसिद्ध केले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा आपल्या नागपुरातच आहे, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावयास हवी.

आपल्याही गावोगावच्या कबरस्तानांत व दर्ग्यांत जुने कोरीव दगड आहेत. श्रद्धेपोटी आपण त्यांवर दरवर्षी चुना चढवितो, ऑइलपेंट लावतो, आणि अक्षरे बुजत जातात. कित्येक दगड फरशीखाली गेले. खंभातच्या व्यापाऱ्याचे नाव सुमारे सात शतके टिकले, कारण त्याच्या शिलेवरील अक्षरे वाचता येण्याजोगी राहिली. रंगाचा डबा उघडण्यापूर्वी दगडाचे छायाचित्र घ्यावे, लेख जाणत्याकडून वाचून घ्यावा व वहीत उतरवून ठेवावा. याला पैसा लागत नाही. थोडी आस्था पुरते.